तुलना कशासाठी?

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने तौलनिक साहित्याचा विभाग सुरू झाला तो 1956 साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. (या योगायोगाला अर्थ चिकटविण्याचे कारण नाही.) पुढे मुंबई विद्यापीठातही या विषयासाठी गुरुदेव टागोरांच्या नावाचे अध्यासन झाले. आपल्याकडील पदव्युत्तर संशोधनात दलित साहित्य आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांचे साहित्य यांची तुलना हा तर रुळलेला विषय झाला आहे. त्या रुळलेपणाविषयी काही लिहावयाचे आहे.

या तुलनेचा आरंभ गौरवास्पद होय. डॉ. म. ना. वानखडे यांनी फ्लोरिडा विद्यापीठात वॉल्ट व्हिटमन आणि तंत्रमार्ग असा तौलनिक विषय घेऊन डॉक्टरेट मिळविली आणि परतल्यावर मिलिंद महाविद्यालयातील तरुणांना कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाची ओळख करून दिली. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी तोच विषय मराठीत ग्रंथरूपाने मांडला. नंतरच्या प्रबंधांत मात्र पुष्कळदा दोन रकाने आखलेले दिसतात. एकीकडे अस्पृश्यता, दुसरीकडे गुलामगिरी. एकीकडे गावकुसाबाहेरची वस्ती, दुसरीकडे शहरातील कोंडवाडे. निष्कर्ष असा, की वेदना सारखीच आहे. हे तर पहिल्या पानावरच ठाऊक होते. मग उरलेली पाने कशासाठी?

बाबासाहेबांची रीत निराळी होती. 1946 साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांतील साम्याचा उल्लेख केला होता. तथापि गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करताना त्यांनी भेदावर बोट ठेवले. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगविण्यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. एवढ्या एका भेदाने जातिव्यवस्थेची जी उकल होते ती साम्याच्या लांबलचक यादीने होत नाही. बुद्ध आणि मार्क्स यांच्याविषयीही त्यांनी साध्यातील साम्य मान्य करून सारा भर साधनांतील भेदावर दिला.

बौद्ध वाङ्मयाच्या क्षेत्रात अशा तुलनेचा एक वस्तुपाठ मराठी माणसानेच घालून दिला आहे, आणि तौलनिक साहित्याचे विद्यार्थी त्याच्याकडे वळत नाहीत याचे मला नवल वाटते. धर्मानंद कोसंबींचे शिष्य प्रा. पु. वि. बापट यांनी हार्वर्डमध्ये अभ्यास करून ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांची तुलना सिद्ध केली. तो ग्रंथ 1937 साली पुण्यात प्रसिद्ध झाला. उपतिस्स थेरांच्या ‘विमुत्तिमग्गा’चे मूळ हाती नव्हते, सहाव्या शतकाच्या आरंभी संघपालाने केलेला चिनी अनुवाद तेवढा होता. बापटांनी तो चिनी पाठ बुद्धघोषांच्या पालीशेजारी ठेवून प्रकरणागणिक तपासला. उपतिस्स माणसांची 14 चरिते सांगतात, बुद्धघोष 6 मानतात. ‘काही जण’ स्वभावाचे मूळ पूर्वाभ्यासात आणि शरीरातील धातू व दोषांत शोधतात, असे सांगून बुद्धघोष ते मत अनिश्चित ठरवितात. हे ‘काही जण’ म्हणजे उपतिस्स, असा खुलासा टीकाकार धम्मपालांनी केला आहे, आणि चिनी पाठात ते मत खरोखरच सापडते.

हा पंडिती काथ्याकूट आहे असे कोणास वाटेल. पण प्रश्न कोणता आहे ते पाहावे. माणसाचा स्वभाव जन्मापूर्वीच ठरलेला असतो काय? बुद्धघोष उपतिस्सांचे मत बाजूला सारतात खरे, परंतु पुढे अट्ठकथांच्या आधारे तेही पूर्वजन्मीच्या हेतूंकडेच येतात. गतजन्माच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, हा विचार ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धाचा मानलेला नाही. उपतिस्स, बुद्धघोष आणि बाबासाहेब या तिघांना एका प्रश्नावर समोरासमोर आणणे हा प्रबंधाचा विषय आहे, आणि आपल्या जन्मजात म्हणून लादलेल्या हीनतेशी त्याचा थेट संबंध आहे.

अडचण भाषेची आहे. मोहोपाड्यासारख्या रसायनीच्या कारखान्यांलगतच्या गावातून एम.ए.साठी मुंबईस जाणाऱ्या, घरातील पहिल्या पदवीधराने पाली शिकावी, वर चिनीही शिकावी, ही अपेक्षा अवास्तव आहे असा आक्षेप येईल. चिनीपुरता तो मला मान्य आहे, पालीपुरता नाही. बाबासाहेबांनी राजकारणाच्या धबडग्यातही पालीचा शब्दकोश रचावयास घेतला होता. शिवाय मोहोपाड्याच्या विद्यार्थ्याला पालीच्या सख्ख्या बहिणीचा नमुना पाहण्यास दूर जावे लागत नाही. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक ओळ आहे: कण्हाचा अंतेवासी बालक याने हे केले. तिकडे पितळखोऱ्यातील यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. या दोन नावांचा परस्परांशी संबंध आहे काय, हे अक्षरांची वळणे, प्राकृताची रूपे आणि शिल्पाची घडण शेजारी ठेवूनच ठरवावे लागेल.