सूड मोजत नाही, न्याय मोजतो : 'द अमेरिकन्स' मालिका शेवटाकडे येताना

सूड आणि न्याय यांत फरक आहे, हे आपण सगळेच म्हणतो. पण तो नेमका कुठे आहे असं विचारलं, की आपली उत्तरं डळमळायला लागतात. शिक्षा तीच, मरणारा तोच, मग फरक कशाचा? आज हा प्रश्न आम्ही ग्रंथांतून न घेता एका दूरचित्रवाणी मालिकेतून घेणार आहोत. मालिकेचं नाव 'द अमेरिकन्स'. २०१३ ते २०१८ या काळात ती एफएक्स वाहिनीवर दाखवली गेली. सहा पर्वं, एकूण ७५ भाग. तिचा जनक जो वाइसबर्ग पूर्वी स्वतः सीआयएमध्ये होता. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांना आधीच सांगून ठेवतो, की बोलताना शेवट उघड होणार आहे.

कथा थोडक्यात अशी. फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्स हे वॉशिंग्टनजवळ राहणारं, ट्रॅव्हल एजन्सी चालवणारं, दोन मुलं असलेलं जोडपं. प्रत्यक्षात दोघंही केजीबीचे हेर. आणि समोरच्याच घरात राहायला येतो एफबीआयचा स्टॅन बीमन. काळ १९८१ ते १९८७, म्हणजे शीतयुद्धाचं शेवटचं पर्व.

पहिल्याच भागात सूड येतो. टिमोशेव्ह नावाचा फितूर झालेला केजीबी अधिकारी या जोडप्याच्या गॅरेजमध्ये, गाडीच्या डिकीत बांधून ठेवलेला आहे. प्रशिक्षणाच्या काळात त्यानं एलिझाबेथवर बलात्कार केलेला असतो. फिलिपला हे कळतं आणि तो त्याला तिथेच ठार मारतो. आपण प्रेक्षक काय करतो? खरं सांगायचं तर आपल्याला बरं वाटतं. मालिकाही आपल्याला बरं वाटू देते. इथे एक गोष्ट मनात ठेवा. पहिल्या भागात मालिकेनं आपल्याला सूडाची चव दिली, आणि पुढची पाच-सहा वर्षं ती आपल्याकडून तिची किंमत वसूल करत राहिली.

पहिला हप्ता स्टॅनच्या हातून वसूल होतो. त्याचा सहकारी अमॅडोर मारला जातो. स्टॅन सोव्हिएत वकिलातीतल्या व्लाद नावाच्या एका तरुण कर्मचाऱ्याला पकडतो, त्याला बर्गर आणून देतो आणि तो खात असताना गोळी घालतो. अमॅडोरच्या मृत्यूशी व्लादचा काडीचाही संबंध नसतो. पुढे काय होतं बघा. व्लादला ओळखणारी नीना, जी तोवर स्टॅनला माहिती पुरवत होती, ती उलटते. त्या उलटण्यातून तिची परवड सुरू होते, आणि चौथ्या पर्वात मॉस्कोत तिला गोळी घातली जाते. हेगेलनं १८२१ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. सूडाचा आशय न्याय्य असू शकतो, पण तो एका व्यक्तीच्या इच्छेतून येतो, म्हणून समोरच्याला तो नवा अन्याय वाटतो आणि साखळी तुटतच नाही.

आणि व्लादच्या खुनाचं काय होतं? खटला नाही, काही नाही. पाचव्या पर्वात स्टॅन वरिष्ठांना सांगतो, की ओलेग या रशियन अधिकाऱ्याला छळाल तर मी हा खून जाहीर करीन. म्हणजे कबुलीजबाबसुद्धा इथे न्यायासाठी येत नाही, सौद्यासाठी येतो. हेतू चांगला आहे हो. पण व्लाद मेल्यावरही पुन्हा एकदा वापरलाच जातो.

आता मालिकेच्या गाभ्याकडे येऊ. पाचव्या पर्वाचा अकरावा भाग, नाव 'द्यात्कोवो'. यानंतर फक्त बारा भाग उरतात. कथेतलं वर्ष १९८४. मॉस्कोहून हुकूम येतो : अमेरिकेत नाव बदलून राहणारी एक प्रौढ स्त्री ही महायुद्धात नाझींच्या बाजूनं सोव्हिएत कैद्यांना गोळ्या घालणारी ॲना असावी. खात्री करा आणि संपवा. दोघं तिच्या घरात शिरतात. आधी ती नाकारते, मग मानते. तेव्हा आपण कोवळ्या वयाची होतो, घरची माणसं मारली गेली होती, आपल्याकडून हे करवून घेतलं गेलं, असं ती सांगते. इतक्यात नवरा घरी येतो. त्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला सोडा, अशी ती विनवणी करते. फिलिपचा हात उचलत नाही. एलिझाबेथ दोघांनाही मारते.

सूड आणि न्याय यांतल्या भेदाची चर्चा तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकनं १९८१ मध्ये केली होती. ती आमच्या भाषेत तीन प्रश्नांत मांडतो. पहिला, करणारा कोण? दुसरा, किती, म्हणजे माप आहे का? तिसरा आमचा जोडलेला : ऐकून घेतलं का, म्हणजे आरोपीच्या बोलण्यानं निकाल बदलण्याची शक्यता होती का?

या तिन्ही कसोट्यांवर तो प्रसंग तपासा. एलिझाबेथ मूळची स्मोलेन्स्कची, युद्धानं बेचिराख केलेल्या गावची. ती त्रयस्थ नाही. माप म्हणाल, तर निरपराध नवराही मेला, कारण साक्षीदार उरायला नको. आणि ऐकणं? ॲनाला बोलू दिलं गेलं, पण ते ओळख पटवण्यापुरतं. तिची परिस्थिती ऐकायला तिथे न्यायाधीशाचा कान नव्हता.

यावर कोणी म्हणेल, सर, दुसरा मार्ग होता कुठे? शत्रूच्या देशात लपलेल्या गुन्हेगाराला कोर्टात कोण नेणार? हा आक्षेप गंभीर आहे, पण इतिहासात त्याला उत्तर आहे. नाझींच्या साथीदारांना शोधण्यासाठी अमेरिकेच्या न्याय खात्यानं १९७९ मध्ये स्वतंत्र विभाग काढला होता. फ्योदोर फेदोरेन्को हा ट्रेब्लिंका छावणीतला पहारेकरी युद्धानंतर अमेरिकेत येऊन नागरिक झाला होता. त्याचा बचावही ॲनासारखाच होता : मी युद्धकैदी होतो, माझ्यावर सक्ती झाली. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला आणि त्याचं नागरिकत्व गेलं. दोन न्यायमूर्तींनी असहमती नोंदवली. डिसेंबर १९८४ मध्ये, म्हणजे मालिकेतल्या त्याच वर्षी, त्याला सोव्हिएत संघाकडे पाठवलं गेलं. तिथे खटला चालला आणि १९८७ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला.

खुद्द सोव्हिएत संघातही अंतोनिना मकारोवा या मशीनगनवालीचा खटला ब्र्यान्स्कमध्ये चालला. तिनं मारलेल्यांचा आकडा दीड हजाराच्या घरात सांगितला जाई. न्यायालयानं सिद्ध धरले १६८. १९७९ मध्ये तिला गोळी घालण्यात आली.

आता बघा, या दोघांनाही मरणच मिळालं. सोव्हिएत न्यायालयं स्वतंत्र होती असा आमचा दावा नाही, आणि मृत्युदंडाचं समर्थनही आम्हाला करायचं नाही. पण एका ठिकाणी भिन्न मत कागदावर राहिलं, दुसऱ्या ठिकाणी दीड हजार नव्हे तर १६८ असं मोजलं गेलं. हे मोजणं म्हणजे न्यायाचं बीज. सूड मोजत नाही, आणि मोजायला बसला तर तो थंडावतो. न्याय कायम सौम्यच असतो असं नाही. पण आपण चुकत असू, ही शंका तो जवळ बाळगतो.

एलिझाबेथलाही त्या घराबाहेर पडल्यावर आता हे सगळं सोडून परत जावंसं वाटतं. म्हणजे सूड पुरा झाला, पण समाधान आलं नाही. आपल्याकडे सौप्तिक पर्वातला अश्वत्थामा आठवा. बापाला कपटानं मारल्याची त्याची तक्रार खरी होती. पण खऱ्या तक्रारीमुळे झोपलेल्यांना मारण्याचा अधिकार मिळत नाही.

आता शेवट. इमारतीच्या गॅरेजमध्ये स्टॅन पिस्तूल रोखून उभा आहे, समोर फिलिप, एलिझाबेथ आणि त्यांची मुलगी पेज. पहिल्या भागात गॅरेज होतं, शेवटच्या भागातही गॅरेजच. तिथे मारलं गेलं, इथे सोडून दिलं जातं. स्टॅन त्यांना जाऊ देतो. बऱ्याच समीक्षकांनी या प्रसंगाचं कौतुक केलं, आणि अभिनय म्हणून तो अव्वल आहेच. पण आमचं इथे मालिकेशी भांडण आहे.

ही क्षमा आहे का? क्षमेला सत्य लागतं. गेनादी आणि सोफिया या जोडप्याला एलिझाबेथनं त्याच पर्वात मारलेलं आहे, शेजारच्या खोलीत त्यांचं लहान मूल असताना. स्टॅन विचारतो तेव्हा नकार मिळतो. म्हणजे तो सोडतो ते खोट्याच्या आधारावर. शिवाय क्षमा करायची तर ती त्या पोरक्या मुलानं, स्टॅननं नव्हे. साखळी तुटली हे खरं, पण न्याय झाला नाही. उलट ज्या ओलेगनं शांतता वाचवण्यासाठी जोखीम घेतली, तो अमेरिकन तुरुंगात राहतो. फिलिप आणि एलिझाबेथला शिक्षा होते ती मुलं गमावण्याची : हेन्री मागे राहतो, पेज ट्रेनमधून उतरते. ही शिक्षा नियतीची. तिच्यात मेलेल्यांची नावं कोणी वाचत नाही.

असं का होतं? कॅमेरा सहा पर्वं जेनिंग्सच्या घरात राहिला म्हणून. ज्यांचे चेहरे आपल्याला ओळखीचे झाले त्यांना आपण माफ केलं, ज्यांना एकाच प्रसंगात पाहिलं त्यांना विसरलो. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी का, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

आणि हे फक्त मालिकेपुरतं नाही. कोणी आरोपी चकमकीत मारला गेल्याची बातमी येते आणि 'बरं झालं' असं आपल्या तोंडून निघून जातं. तो राग खोटा नसतो. एस्किलसच्या 'ओरेस्टेइया'मध्ये, इ.स.पू. ४५८ मध्ये, सूडदेवतांना हाकलून दिलेलं नाही. अथेना त्यांना शहरातच मानाची जागा देते, पण निकाल न्यायालयाकडे ठेवते. रागाला घरात जागा द्यायची, पिस्तूल द्यायचं नाही. पुढच्या वेळी 'बरं झालं' ओठावर आलं, तर एवढंच विचारून बघा : कोणी केलं, किती केलं, आणि आधी ऐकून घेतलं का?