पत्रिका घरची, वाक्य कुणाचं?

सध्या घरी केलेल्या लग्नपत्रिकांची चलती आहे. कुणी बहिणीकडून चित्र काढून घेतं, कुणी मोबाइलवर कॅनव्हात मजकूर मांडतं, आणि मग फाइल घेऊन मंडळी गल्लीतल्या छापखान्यात जातात. माझा प्रबंध रोजच्या वापरातल्या छापील मजकुरांवर आहे, हे एव्हाना सगळ्या गोतावळ्याला ठाऊक झालंय. त्यामुळे अशा पत्रिका माझ्या हातात आवर्जून येतात. त्यातल्या दोन आज शेजारी शेजारी ठेवून वाचू. नावं अर्थातच देत नाही.

पहिली पत्रिका देखणी आहे. गेरूच्या रंगाचा खरबरीत हातकागद, त्यावर पांढऱ्या शाईत वारली चित्र. साध्या डिजिटल मशीनवर पांढरा रंग छापता येत नाही, त्यामुळे हे काम स्क्रीन प्रिंटिंगचं. चित्र घरात काढलेलं आहे, रेषेत हाताचा थरथराट दिसतो आणि तो छान वाटतो. मग मजकूर वाचायला घ्यावा, तर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' पासून 'करण्याचे योजिले आहे' पर्यंत सगळं जसंच्या तसं! हे वाक्य व्याकरणाच्या अंगाने एकदा नीट बघा. योजणारे आईवडील. जिचं लग्न ती 'हिचा', ज्याच्याशी होणार तो 'यांच्याशी'. ज्या दोघांसाठी एवढा खटाटोप, ते वाक्यात कर्ता म्हणून कुठेच नाहीत. वराच्या नावाआधी नुसतं 'चि.', म्हणजे त्याने खूप जगावं. वधूलाही 'चि.' आहे, पण तेवढ्यावर भागत नाही, पुढे 'सौ. कां.' लागतं. सौभाग्याची आकांक्षा धरणारी. म्हणजे तिच्या नावातही शेवटी त्याच्याच आयुष्याची काळजी.

आणि वारली चित्राचं काय? तारपा नाचाचं गोल रिंगण आता उशांच्या अभ्र्यांपासून मेट्रोच्या खांबांपर्यंत कुठेही दिसतं, ते इथेही आहे. पण वारल्यांच्या घरी लग्नात भिंतीवर मुख्य काढला जातो तो पालघट देवीचा चौक, आणि परंपरेने तो बायका काढतात. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. जिथे बाई लग्न लावते तिथलं चित्र उचललं आणि खाली आईचं नाव 'सौ. व श्री.' मधल्या 'सौ.' एवढंच ठेवलं. वधूच्या आईचं स्वतःचं नाव या पत्रिकेत कुठेही नाही. मी दोनदा शोधलं.

आता थोडी थिअरी, घाबरू नका. कॅरोलिन मिलर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ साली एक निबंध लिहिला. त्यातला मुद्दा थोडक्यात असा, की लेखनप्रकार त्याच्या साच्यावरून ओळखू नये. एखादा प्रसंग समाजात पुन्हा पुन्हा येतो, आणि त्या प्रसंगी तो मजकूर काय *करतो*, यावरून ओळखावा. हे पत्रिकेला लावून बघू. तारीख, हॉल आणि नकाशा तर व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पोचलेला असतो. तरीही कागद छापतात, कोपऱ्यांना हळदकुंकू लावून पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात. का? कारण पत्रिका माहिती देत नाही, ती नावांची जागा ठरवते. कोण वर, कोण खाली, निमंत्रक कोण, प्रेषक कोण, कुठल्या मामांचं राहिलं. लग्नानंतर वर्षानुवर्षं चालणारे रुसवे चित्रावरून झालेले तुम्ही ऐकलेत का? म्हणून माझं म्हणणं, की ही पहिली पत्रिका घरची नव्हेच. कागद बदलला, कृती तीच राहिली.

दुसरी पत्रिका दिसायला अगदी सामान्य. दुकानातल्या गठ्ठ्यातलं तयार गुलाबी कार्ड, सोनेरी गणपती, आत एका रंगात छपाई. मजकूर मात्र असा सुरू होतो, की माझी मुलगी अमुक आणि तमुक लग्न करत आहेत. खाली निमंत्रक म्हणून एकटी आई. वडील नाहीत. आईच्या नावामागे ना 'सौ.', ना 'श्रीमती'. नुसतं नाव.

हे छापून घेताना तीन प्रुफं लागली. कारण ऐकायला तांत्रिक आहे. मजकूर फोनवरून पाठवला तो युनिकोडमध्ये. गल्लीतल्या अनेक छापखान्यांत काम चालतं ते कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीवर आणि जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टवर. तिथे युनिकोड मजकूर चिकटवला की जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे सरकते. 'श्री' मोडतो, 'चि.' मोडतो, नेमके पत्रिकेचेच शब्द! मग कारागीर सगळं नव्याने टाइप करतो. लग्नसराईत कोऱ्या पानावर कोण टाइप करणार? मागच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची आणि नावं बदलायची. या पत्रिकेचं पहिलं प्रूफ आलं ते 'श्रीकृपेकरून' सकट, आणि निमंत्रक म्हणून मुलीच्या काकांचं नाव. ते कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. प्रेषकाच्या यादीत ते होतं, कारागिराने चांगुलपणाने वर नेलं.

त्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. तारीख आणि वार जुळत नाहीत, हे बहुतेक वेळा तोच पकडतो. पहिल्या पत्रिकेत 'आर्शीवाद' छापलं गेलंय, कारण मजकूर चित्र म्हणूनच गेला, त्यावर कुणाचा हात फिरला नाही. म्हणजे गंमत बघा, जिला साचा सहज चुकवता आला असता तिने तो घरूनच नेला. आणि जिला साच्यातूनच जावं लागलं ती भांडली.

दुसऱ्या पत्रिकेत खोट नाही असं नाही. 'तुम्ही या' हे तुटक वाटतं. 'सहकुटुंब सहपरिवार' गाळल्यामुळे नक्की किती जणांनी यायचं, हा प्रश्न नातेवाइकांना पडला असणार, आणि केटररला तर नक्कीच. पण आईचं नाव वर आणणं ही गोष्ट सरकारलाही जमायला मार्च २०२४ उजाडावा लागला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला. ती मुलं पत्रिका छापायला जातील तेव्हा कारागिराच्या फाइलमध्ये काय असेल, हे मला बघायचंय.

तिसऱ्या प्रुफात काकांचं नाव परत खाली गेलं. वर दोन बोटं जागा मोकळी राहिली. ती बरी दिसत नाही म्हणून कारागिराने तिथे वेलबुट्टी टाकली. छापून आलेल्या पत्रिकेत आईच्या नावावर ती वेलबुट्टी आहे.