युरोपीय संघाचे पर्यावरण व सुरक्षा धोरण : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

सुरक्षा म्हणजे सीमांचे संरक्षण, हा पारंपरिक अर्थ शीतयुद्धाच्या समाप्तीनंतर अपुरा ठरला. ऊर्जा, पाणी, अन्न आणि हवामान या घटकांचा सुरक्षेच्या संकल्पनेत समावेश झाला. हा व्यापक अर्थ आग्रहाने मांडणाऱ्यांमध्ये युरोपीय संघ अग्रभागी होता. मात्र २७ लोकशाही राष्ट्रांच्या या संघाने विचारात जे एकत्र आणले, ते निर्णयप्रक्रियेत वेगळेच ठेवले. पर्यावरणाचा निर्णय एका पद्धतीने आणि सुरक्षेचा निर्णय दुसऱ्या पद्धतीने घेण्याच्या या व्यवस्थेमुळे दोन्ही धोरणे कशी दुर्बल झाली, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एक उगम, दोन प्रवाह

युरोपीय एकीकरणाचा प्रारंभ ऊर्जा आणि सुरक्षा यांच्या एकत्रित विचारातून झाला, याचा अनेकदा विसर पडतो. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी फ्रान्स व जर्मनी यांचे कोळसा आणि पोलाद उत्पादन समान नियंत्रणाखाली आणण्याची योजना मांडली. ज्या साधनांनी युद्ध लढले जाते, तीच सामायिक केल्यास युद्ध अशक्य होईल, हा तिचा गाभा होता. १९५१ च्या पॅरिस कराराने सहा राष्ट्रांनी तिला मूर्त रूप दिले.

पुढील काळात मात्र हे प्रवाह विभागले गेले. १९८६ च्या एकल युरोपीय कायद्याने पर्यावरणाला करारात स्वतंत्र स्थान मिळाले. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने पर्यावरणविषयक बहुतेक निर्णयांना पात्र बहुमत लागू केले, तर परराष्ट्र व सुरक्षा धोरण एकमताच्या तत्त्वावर उभे केले. २००९ मध्ये अमलात आलेल्या लिस्बन कराराने ऊर्जेला स्वतंत्र कलम दिले. परंतु कोणती ऊर्जासाधने वापरावयाची, हे ठरविण्याचा अधिकार सदस्य राष्ट्रांकडेच राहिला. परिणामी, किती उत्सर्जन करावयाचे हे संघ ठरवू लागला, इंधन कोणते हे राष्ट्र ठरवू लागले आणि ते इंधन कोणाकडून घेणे धोक्याचे आहे, हा प्रश्न कोणाचाच उरला नाही.

नैसर्गिक वायूचा धडा

या पोकळीचे ठळक उदाहरण म्हणजे रशियन नैसर्गिक वायू. कोळशाच्या तुलनेत जळताना कमी कर्ब सोडणारे इंधन म्हणून वायूला संक्रमणकाळातील पूल मानले गेले. २००६ व २००९ च्या जानेवारीत रशिया-युक्रेन वादामुळे पुरवठा विस्कळीत झाला. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावला. तरीही २०१५ मध्ये बाल्टिक समुद्राखालील दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीम वाहिनीचा करार झाला. पोलंड आणि बाल्टिक राष्ट्रांनी हा सुरक्षेचा प्रश्न असल्याचे वारंवार सांगितले. जर्मनीने दीर्घकाळ तो व्यापारी प्रकल्प असल्याची भूमिका घेतली. २०२१ मध्ये संघाच्या एकूण वायू आयातीत रशियाचा वाटा सुमारे ४५ टक्के होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि या परावलंबनाची किंमत वीजदेयकांच्या रूपाने सामान्य कुटुंबांना मोजावी लागली. जर्मनीने राखीव ठेवलेले कोळशावरील वीजप्रकल्प पुन्हा सुरू केले. रशियन इंधनापासून मुक्त होण्याच्या योजनेसाठी २० अब्ज युरो उत्सर्जन परवान्यांच्या विक्रीतून उभारण्याचे ठरले; त्यातील काही परवाने तर नंतरच्या वर्षांतील होते. त्याच वर्षी जूनमध्ये रशियन तेलावर निर्बंध घालताना एकमताची अट आडवी आली आणि हंगेरीच्या आग्रहामुळे वाहिनीद्वारे येणारे तेल वगळावे लागले.

दुरुस्तीची दिशा

या संकटाला संघाने दिलेला प्रतिसाद निष्फळ होता, असे म्हणता येणार नाही. सौर व पवन ऊर्जेच्या विस्ताराला गती मिळाली. २०२३ मध्ये संघाचे निव्वळ उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सुमारे ३७ टक्क्यांनी कमी झाले होते. परंतु रशियन वायूची जागा मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतील द्रवरूप वायूने घेतली. पुरवठादार बदलला, परावलंबन पूर्णतः संपले नाही.

पुढे पर्यावरणाकडे सुरक्षेचा पाया म्हणून पाहण्याऐवजी तिच्या मार्गातील खर्च म्हणून पाहण्याची वृत्ती बळावली. २०२४ च्या प्रारंभी शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर कीटकनाशकांचा वापर घटविणारा प्रस्ताव आयोगाने मागे घेतला. मार्च २०२५ मध्ये सुमारे ८०० अब्ज युरो उभारू पाहणारी संरक्षणसिद्धतेची योजना मांडण्यात आली आणि वित्तीय तुटीच्या नियमांतून संरक्षणखर्चाला सवलत देण्यात आली. हवामानविषयक गुंतवणुकीला तशी सवलत मिळाली नाही. आयात इंधनाची गरज घटविणारी पवनचक्की ही रणगाड्याइतकीच सुरक्षेची बाब आहे, हा २०२२ चा धडा अर्थसंकल्पापर्यंत पोहोचला नाही.

एकमताचा प्रश्न

एकमताच्या बाजूचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. नकाराधिकार नसेल तर लहान राष्ट्रांवर मोठ्यांची इच्छा लादली जाईल, ही भीती रास्त आहे. पात्र बहुमतासाठी ५५ टक्के राष्ट्रे आणि ६५ टक्के लोकसंख्या यांचा पाठिंबा आवश्यक असतो. तेथे लोकसंख्येचे वजन पडतेच. परंतु नॉर्ड स्ट्रीमच्या प्रकरणात धोक्याचा इशारा देणारी बाल्टिक राष्ट्रे लहानच होती आणि ऊर्जासाधन निवडण्याचे राष्ट्रीय स्वातंत्र्य मोठ्या राष्ट्राच्या उपयोगी पडले. म्हणजेच स्वायत्ततेचे रक्षण करणारी तरतूद दुर्बलांचेच रक्षण करते, असे नाही.

जून २०२५ मध्ये रशियन वायूची आयात टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव आयोगाने निर्बंध म्हणून न मांडता व्यापार व ऊर्जाविषयक कलमांखाली मांडला. त्यामुळे पात्र बहुमत पुरेसे ठरले आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यावर सहमती झाली. ही युक्ती यशस्वी झाली. तथापि सुरक्षेचा निर्णय व्यापाराच्या दाराने आणावा लागणे, ही मूळ रचनेतील दोषाची कबुलीच होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, युरोपीय संघापुढील आव्हान पर्यावरण की सुरक्षा, अशा निवडीचे नाही. ऊर्जा या दोहोंना जोडणारा दुवा असून त्याच दुव्यावर संघाचा अधिकार सर्वांत क्षीण आहे. एका राष्ट्राच्या इंधननिवडीचा धोका शेजाऱ्यावर पडत असेल, तर त्या शेजाऱ्यालाही निर्णयात स्थान असले पाहिजे. १९५० मध्ये कोळशाच्या बाबतीत हे तत्त्व मान्य झाले होते. वायूच्या बाबतीत ते वेळीच लागू झाले असते, तर २०२२ चा आघात टळला नसता कदाचित, पण इतका खोल निश्चितच गेला नसता.