आकडा खरा, तरी दावा चुकीचा : अँटीव्हायरसची तुलना वाचताना

“आधी ‘अ’ अँटीव्हायरसने स्कॅन केलं, मग ‘ब’ टाकला. ‘ब’ने आणखी १४ धोके पकडले. म्हणजे ‘ब’ भारी.”

असा निष्कर्ष तुम्ही नक्की वाचला असेल. ऐकताना पुरावाच वाटतो. पण जरा थांबून पाहा. ‘अ’ने जे आधीच काढून टाकलं, ते ‘ब’ला सापडलं असतं का? ते तपासलंच नाही. क्रम उलटा केला असता तर कदाचित ‘अ’ भारी ठरला असता. शिवाय ते १४ धोके म्हणजे नेमकं काय? काही प्रॉडक्ट साध्या ट्रॅकिंग कुकीसुद्धा धोक्यांत मोजतात. दोघांची मोजपट्टी वेगळी असेल, तर आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

काहीजण आयकार फाइल वापरतात. ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे. ती ओळखायची, असं अँटीव्हायरस कंपन्यांनी आपसांत ठरवलेलं आहे. त्यामुळे तिच्यावरून अँटीव्हायरस चालू आहे एवढंच कळतं, तो किती चांगला आहे हे कळत नाही.

मग टक्केवारी? समजा, ३५० नमुन्यांपैकी एकाने ३४९ पकडले, दुसऱ्याने ३४८. जाहिरातीत ९९.७ विरुद्ध ९९.४ असं छापता येईल. प्रत्यक्षात फरक फक्त एका नमुन्याचा. आणि चांगल्या फायलींना व्हायरस ठरवण्याचं प्रमाण, म्हणजे फॉल्स पॉझिटिव्ह, सोबत दिलं नसेल तर ९९.७लाही फारसा अर्थ नाही. प्रत्येक फाइलला व्हायरस म्हणणारा प्रोग्राम १०० टक्के व्हायरस पकडतोच की!

‘मग स्वतंत्र लॅबचा अहवाल दिला की झालं,’ असं वाटेल. इथे २०१५चं चीहू ३६० प्रकरण लक्षात ठेवा. एव्ही-कम्पॅरेटिव्ज, एव्ही-टेस्ट आणि व्हायरस बुलेटिन या तीन संस्थांनी मिळून जाहीर केलं, की चाचणीसाठी आलेल्या प्रॉडक्टमध्ये बिटडिफेंडरचं इंजिन चालू होतं, पण बहुसंख्य ग्राहकांकडच्या आवृत्तीत ते बंद होतं आणि कंपनीचं स्वतःचं इंजिन चालू होतं. तिघांनीही त्या वर्षीची प्रमाणपत्रं मागे घेतली.

यात लॅबने मोजणी चुकीची केली नव्हती. आकडे खरेच होते, फक्त ते ग्राहकाच्या हातातल्या वस्तूचे नव्हते. मेथडॉलॉजीच्या पुस्तकात आपण ‘व्हॅलिडिटी’ पाठ करतो, ती हीच: जे मोजलं आणि ज्याविषयी बोलतोय, ते एकच आहे ना?

आणि मायदेशीचं प्रेमही पुरावा नव्हे. क्विक हील पुण्याची कंपनी आहे, म्हणून ती चांगलीही ठरत नाही आणि वाईटही.

म्हणून तुलना लिहिताना आवृत्ती, तारीख, सेटिंग, इंटरनेट चालू होतं की बंद, नमुने किती आणि कुठून आणले, चांगल्या फायली किती तपासल्या, एवढं तरी सांगाच. चाचणीचा खर्च कोणी केला हेही सांगा. मग ‘ब भारी’च्या जागी असं वाक्य येईल: “या आवृत्तीने, डिफॉल्ट सेटिंगवर, या महिन्यात, या ३५० नमुन्यांपैकी ३४८ पकडले, १,००० चांगल्या फायलींपैकी ३ चुकीने अडवल्या.”

हे वाक्य जाहिरातीत शोभणार नाही. पण तुमचं चुकलं असेल, तर ते दुसऱ्याला दाखवून देता येईल. संशोधनातल्या दाव्याकडून एवढी अपेक्षा तर हवीच.