राजवाडा, हौद आणि चहा

पॅरिसचा लूव्र हा मूळचा राजवाडा. १० ऑगस्ट १७९३ रोजी तो संग्रहालय म्हणून जनतेला खुला झाला. त्याच्या बरोबर वर्षभर आधी लोकांनी राजसत्ता उलथून टाकली होती.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याची कथा अशी नाही. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून १८७७ ते १८८४ या काळात तो काळ्या दगडात उभा राहिला. खाली शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय, वर राजघराण्याचे वास्तव्य. घाटकोपरच्या आमच्या अभ्यासवर्गातील मुलांना घेऊन तेथे गेलो. मुले रेंगाळली ती पेंढा भरलेल्या वाघांपाशी, हत्यारांपाशी, दरबार हॉलच्या रंगीत काचांपाशी. दोष मुलांचा नाही. राजवाड्यात शिरणाऱ्याची मान आपोआप वर जाते, आणि प्रस्थापित कलासमीक्षेनेही तेवढेच शिकवले आहे : घुमट पाहा, कमानी पाहा, देशी शैली किती नि विलायती किती ते मोजा.

याच दरबाराच्या पागेत गंगाराम कांबळे चाकरीला होते. सवर्ण नोकरांच्या हौदातील पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, हे आपण दर जयंतीला सांगतो. पुढचा भाग मात्र घाईने उरकतो. महाराजांच्या मदतीने गंगारामांनी भर शहरात हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा पिऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले.

२६ जुलै १९०२ चा, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गांना देणारा हुकूम काचेखाली ठेवता येतो. चहा कसा ठेवणार? येथे संग्रहालयाची भाषाच संपते आणि साहित्याचे काम सुरू होते. पण आपल्याही लेखनात गंगाराम येतात ते फक्त वळ उठलेली पाठ म्हणून; नायक महाराजच. महाराजांचे मोठेपण कोण नाकारतो? माणगावची १९२० ची परिषद आपण विसरलेलो नाही. तरीही महाराज येऊन निघून गेल्यावर भट्टीपाशी उभा राहणारा माणूस आपण अजून लिहिलेला नाही.

परतल्यावर मुलांना निबंध दिला. बहुतेकांनी वाघावर लिहिले. एका मुलीने कपबश्यांवर लिहिले : पहिल्या सकाळी गंगारामांनी किती कप विसळून मांडले असतील, आणि संध्याकाळी त्यांतले किती कोरडेच उचलून ठेवले असतील.