'झुंड'च्या निमित्ताने : संघ कशाने बनतो?

संघभावना हा शब्द आपल्याकडे नेहमी वरून खाली येतो. साहेब मजुराला सांगतो, क्रीडाशिक्षक वस्तीतल्या पोराला सांगतो : मीपणा सोड, सर्वांसाठी राब. पण ज्याचे माणूसपणच कुणी मोजले नाही, त्याने कोणता मीपणा सोडायचा? नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (२०२२) या चित्रपटाचा विचार या प्रश्नापासून सुरू केला पाहिजे.

आधी आपल्या शिवारातली गोष्ट. आर्णीकडे कापसाची वेचणी किलोवर असते. प्रत्येक बाईचे गाठोडे वेगळे तोलले जाते. शेजारीण मागे पडली तरी दुसरी थांबत नाही. थांबणे तिला परवडत नाही. सोयाबीनची सोंगणी मात्र टोळी एकराच्या ठेक्याने घेते आणि पैसे सारखे वाटून घेते. बाया त्याच, हात तेच. पण इथे एकीची ओळ राहिली की दुसरी तिच्या ओळीत शिरते. स्वभाव बदललेला नसतो, वाटप बदललेले असते.

मैदानावरही हेच आहे. चर्मकार समाजातले बाळू पालवणकर हिंदू संघासाठी बळी घेत होते. पण पुण्यात त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांचा चेंडू चालत होता, त्यांचे कर्णधारपद चालत नव्हते. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. संघ फोडल्याचा आरोप ज्यांच्यावर होऊ शकला असता, त्यांनीच संघ घडवला.

नागपूरच्या विजय बारसे यांच्या कार्यावर आधारलेल्या 'झुंड'ची ताकद इथेच आहे. त्यातला शिक्षक उपदेशाने संघ बांधत नाही. तो पोरांना आपापले आयुष्य सांगायला लावतो. ज्यांना कुणी नाव विचारले नव्हते, ती एकमेकांना ऐकतात आणि झुंडीचा संघ होतो. पुढे पासपोर्टची वणवण येते. गोंड मुलीचा बाप तिच्या अस्तित्वाचा कागद शोधत हिंडतो. आदिवासींसाठी राखीव मतदारसंघ असलेल्या आर्णीच्या वाचकाला ही पायपीट नवी नाही. कौशल्य असूनही कागदावर नसलेला माणूस संघाबाहेरच राहतो, हे मंजुळे अचूक दाखवतात.

तरीही एक आक्षेप नोंदवला पाहिजे. निर्णयाची दोरी बहुतांशी शिक्षकाच्याच हाती राहते. अमिताभ बच्चन यांच्या पडद्यावरच्या वजनाने ती अधिकच घट्ट होते. पोरे पायांनी खेळतात, पण आपल्या संघाचा कारभार स्वतः चालवताना ठळकपणे दिसत नाहीत. उद्धारकर्ता कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या छायेतली एकजूट अपुरी असते. शंभर वर्षांपूर्वीचे विठ्ठल पालवणकर या बाबतीत चित्रपटाच्या पुढे आहेत.

म्हणून शाळेत, कचेरीत, चळवळीत कुणी संघभावनेचे गोडवे गाऊ लागला की त्याला तीनच गोष्टी विचाराव्यात : पाणी एका माठातले आहे काय? वाटा सारखा आहे काय? आणि आमच्यातला कर्णधार तुम्हाला चालेल काय? उत्तर 'होय' आले, तर राबायला आपण कधीच मागे नव्हतो.