आडवी पडलेली माणसं

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका गावी बालचित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. गट पहिली ते चौथीचा, विषय ‘आमचा आठवडे बाजार’. दीडेकशे कागद सतरंजीवर पसरले होते. ज्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं ते मी दरवर्षी पाहतो. ऑइल पेस्टल बोटाने घासून केलेलं निळं-केशरी आभाळ, फिक्यातून गडद होत गेलेली साडी, प्रत्येक आकाराला काळ्या स्केचपेनची बॉर्डर आणि हसणारी भाजीवाली. हात सराईत होता, पण बाजार कुठल्याच गावचा नव्हता.

त्याच ढिगात दुसरीतल्या एका मुलीचं चित्र होतं. मधोमध रस्ता, झाडावरून पाहावा तसा. दोन्ही कडांना विक्रेते. त्यांचे पाय रस्त्याकडे, डोकी कागदाच्या कडांकडे. तराजू माणसापेक्षा मोठा. आईच्या पिशवीतले कांदे पिशवीच्या आरपार दिसत होते आणि मोजता येत होते. सोबतचे परीक्षक म्हणाले, ‘माणसं आडवी पडलीत, हिला अजून जमत नाही.’ मी भांडलो आणि हरलो. पण तो वाद माझ्यापुरता अजून संपलेला नाही.

बाजाराच्या रस्त्यावर उभं राहिलं की एक रांग या हाताला असते, दुसरी त्या हाताला. मुलगी एकीकडे वळली, मग दुसरीकडे वळली आणि तिच्याबरोबर कागदही वळला. तिने दोन्ही रांगा समोरून पाहिल्या आणि समोरूनच काढल्या. तराजू मोठा, कारण तिचे डोळे काट्यावर होते. कांदे दिसतात, कारण ते पिशवीत आहेत हे तिला ठाऊक आहे, कदाचित तिनेच भरले असतील. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७ साली या सगळ्याची नोंद वयोगटानुसार करून ठेवली: जमिनीची रेघ, आरपार दिसणारी घरं, उलगडून पसरलेली जागा. पण इतक्या लांब जायची गरज नाही. राजस्थानी लघुचित्रात तळं वरून दिसतं आणि काठावरची झाडं चहूबाजूंना आडवी झालेली असतात. त्या चित्रकाराला आपण थोर म्हणतो आणि दुसरीतल्या मुलीचा कागद बाजूला सारतो.

प्राथमिक शाळेतल्या चित्रकलेची आजची स्थिती विचाराल, तर एलिमेंटरीची शासकीय चित्रकला परीक्षा पायऱ्या उतरून पहिलीच्या वर्गात येऊन बसली आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती हा साचा माध्यमिक वयासाठी आहे. त्याचं मूळ लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेच्या पद्धतीत आहे. कारखान्यांना नक्षीकार हवे होते म्हणून घडवलेली ती शिस्त १८५७ नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या वाटेने आपल्याकडे आली. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तिचा उपयोग आहे, हे मी मान्य करतो. पण सहा वर्षांच्या मुलापुढे फळ्यावर आंबा काढून ‘अस्साच काढा’ म्हणणं हे कोणत्याही पद्धतीत बसत नाही.

‘टाकाऊतून टिकाऊ’बद्दल मला लिहायचं नाही, ती वस्तू रात्री घरी आई करते. व्हिडिओ लावून पायरी-पायरीने चित्र काढायला लावणं म्हणजे फळ्यावरचा आंबाच. आणि शाळाशाळांच्या भिंतींवर जी वारली दिसते, ती दोन त्रिकोणांची सुलेखनाची वही आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं मासेमारीचं जाळं ज्याने एकदा पाहिलं, त्याने हे त्रिकोण मुलांना गिरवायला देऊ नयेत.

मला ज्या परंपरेबद्दल बोलायचं आहे, ती याच महाराष्ट्रात होऊन गेली. देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले. नंदलाल बसूंचे हे विद्यार्थी पुढे अनेक वर्षं गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत मुलांना चित्रं काढू देत राहिले. काढू देत, हे मी जाणीवपूर्वक लिहितो. ‘शिक्षा का वाहन : कला’ हे त्यांचं पुस्तक आपल्या अध्यापक विद्यालयांत वाचलं गेलं असतं, तर आजचा लेख लिहावा लागला नसता. कला कलावंत घडवण्यासाठी शिकवायची नसते, मूल पुरतं माणूस व्हावं म्हणून शिकवायची असते, हा त्यांचा आग्रह. म्हणून चित्र कसं झालं यापेक्षा ते होताना मुलाचं काय झालं, याकडे त्यांचं लक्ष असे. शिक्षकाने मुलाच्या कागदावर हात टाकायचा नाही, पण पाठही फिरवायची नाही. ‘मुक्त आविष्कार’ म्हणून खडू वाटून कोपऱ्यात वह्या तपासत बसणाऱ्यांनी यातला दुसरा भाग पुन्हा वाचावा. मूल काढतं ते पाहिलेल्यातून. त्याने पाहावं, हात लावावा, त्याबद्दल बोलावं आणि ते बोलणं कोणीतरी ऐकावं, हेच तर शिकवणं. त्या मुलीला ‘कांदे किती घेतले?’ एवढं कोणी विचारलं असतं, तरी तिचं पुढचं चित्र वाढलं असतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, खडे, शंख-शिंपले यांतून शाळा उभी केली. त्यांच्या मुलांकडे रंगपेटी नव्हती म्हणून काही अडलं नाही. आज रंगपेटी आहे, चोवीस रंगांची आहे, आणि डोंगर ठरलेल्या हिरव्याचाच होतो.

आता नवा शब्द आला आहे, कलासमेकित शिक्षण. अपूर्णांक शिकायला भाकरी रंगवा, पाणी वाचवा म्हणून नळ रंगवा. गणिताचा तास सुखाचा होत असेल तर जरूर करा. पण त्याला चित्रकलेचा तास म्हणू नका. भाषेचा तास भूगोलात मिसळला म्हणून भाषेचा शिक्षक कोणी काढून घेत नाही. चित्रकलेचा मात्र पहिली ते पाचवीला मुळात दिलेलाच नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची काढून पाहा. कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे तो सहावी ते आठवीसाठी, आणि तोही शंभराहून अधिक मुलं असतील तर. म्हणजे मूल रोज, न सांगता, न घाबरता चित्र काढतं ती वर्षं कायद्याने मोकळी सोडली. नवव्या-दहाव्या वर्षापासून ते आपलं चित्र शेजाऱ्याच्या चित्राशी ताडून पाहू लागतं आणि ‘मला चित्र येत नाही’ म्हणून वही मिटतं. निदेशक येतो तो त्यानंतर.

पहिलीच्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्याही कागदावर कोणीतरी दुरुस्ती केली होती. त्यांच्या दोन वर्षांच्या पदविकेत त्यांना तक्ते रंगवायला शिकवलं, बालचित्र वाचायला शिकवलं नाही. ते शिकवता येतं. वर्गातली चाळीस चित्रं वर्षभर तारखा घालून जपून ठेवायची आणि मुलांना त्यांच्याविषयी बोलतं करायचं. चार महिन्यांत बाईंना कोणतीही माणसं आडवी दिसणार नाहीत. बालचित्रांना क्रमांक देणाऱ्या स्पर्धा चौथीपर्यंत बंद करा. मी यापुढे कोणत्याही स्पर्धेला परीक्षक म्हणून जाणार नाही. चित्रांवर मुलांशी बोलायला कोणी बोलावलं तर स्वतःच्या खर्चाने येईन. आणि पंधरा वर्षांच्या मुलाला वाढीव कलागुण देणाऱ्या सरकारने सहा वर्षांच्या मुलासाठी आठवड्यातून दोन सलग तास, माती, जाड ब्रश, मोठा कागद आणि शेजारी बसून ऐकणारं एक माणूस द्यावं. त्याला पैसा लागतो, असं कोणी मला सांगू नये. कोसबाडला तो नव्हता.